बंदी दारूची आणि बंदी टिकटॉकची

बंदी हा शब्द आपल्या दोन जिल्ह्यांना नवा नाही. गडचिरोलीत दारूबंदी 1993 साली झाली. चंद्रपूरच्या बंदीसाठी 2010 मध्ये बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या. ती बंदी 2015 मध्ये आली, 2021 मध्ये सरकारने उठवलीही.

टिकटॉकची बंदी आपल्यापैकी कुणी मागितली नव्हती. 15 जून 2020 ला गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली, आपले 20 जवान गेले. 29 जूनला सरकारने 59 ॲप बंद केली. लोकांची माहिती गुपचूप देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाते, असे कारण दिले. धानाच्या बांधावर नाचून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरींना कुणी काही विचारले नाही.

भीती खोटी नव्हती. फोनमधले नंबर, आपण कुठे आहोत, रात्री काय बघतो, हे ॲपला कळू शकते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितले होते. पण माहिती जपण्याचा कायदा संसदेत झाला 2023 मध्ये. तोवर आपल्या पोरी इन्स्टाग्रामच्या रीलवर गेल्या होत्या. ती कंपनीही परदेशीच, अमेरिकेची. माहिती तीही घेते.

आम्ही त्या बंदीला चूक म्हणत नाही, अपुरी म्हणतो. गावात एक भट्टी फोडली की दुसरी जंगलात पेटते, हे आपण पाहिले आहे. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला कॅमेरा आणि ठिकाण दिले आहे, ते गटाच्या पुढच्या बैठकीत मिळून बघू. फोन चार्ज करून आणा.