क्षयरोग्याच्या दारी परिचारिका

होटगीच्या स्थानकावर ज्यांनी मीटरगेजची गाडी सोडून मोठी गाडी धरली असेल, त्यांना तेथील धांदल आठवत असेल. विजापूर-गदगकडचा प्रवासी येथे गाठोडे घेऊन उतरे व सोलापूरकडे निघे. कोणी गिरणीची वाट धरी, तर कोणी दवाखान्याची. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. गिरणी आली की चाळ येते. आणि कोंदट खोली व अर्धपोट जेवण जेथे, तेथे क्षयाला आमंत्रण लागत नाही.

त्या काळी औषध नव्हतेच. मिरजेजवळ वानलेसवाडीला १९२० साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. मोकळी हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती आणि हे सारे पाळून घेणारी परिचारिका, एवढाच तेथला उपचार. पण खाटा किती आणि रोगी किती! शिवाय मिळवता माणूस वर्षभर खाटेवर पडला, तर घरची चूल कोणी पेटवावी?

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, पास आले, १९५२ साली आयसोनियाझिडही क्षयावर वापरात आले. आता प्रश्न सुटला असे वाटले. पण तो नुसता बदलला. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि रोगी गोळ्या कोनाड्यात ठेवून कामाला लागतो. जंतू मात्र आत जिवंत असतात. लोक याला रोग्याचा हलगर्जीपणा म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. पास हे औषध रोज मूठभर घ्यावे लागे व पोट बिघडवी. बरे वाटू लागल्यावर ते कोण आवडीने गिळेल?

या प्रश्नाचा कसून शोध मद्रासला झाला. १९५६ साली तेथे केंद्र निघाले व १९३ गरीब रोग्यांचे दोन गट पाडले: एक आरोग्यधामात, एक स्वतःच्या घरी. औषधे दोघांना तीच. घरच्यांना आहार हलका, विश्रांती कमी. तरी वर्षअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच निघाले. घरच्या माणसांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि आरोग्यधामाचे युग मावळू लागले.

मात्र खाट गेली म्हणून परिचारिका गेली नाही, हे आपण विसरतो. त्या रोग्यांच्या घरी अवचित भेटी होत, उरलेल्या पुड्या मोजल्या जात, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहिले जात. यात थोडी पोलिसी होती, हे खरे! पण घरी येणाऱ्या बाईला गोळीने मळमळते हे सांगता येते. दवाखान्याच्या रांगेत ते सांगायचे राहून जाते. पुढे १९६४ साली याच केंद्राने आठवड्यातून दोनदा समक्ष औषध देण्याची पद्धत मांडली. १९९७ पासून देशभर पसरलेल्या समक्ष गोळी देण्याच्या योजनेचे मूळ तेथे सापडते.

तरी होटगीसारख्या गावातल्या मजुराला गोळीसाठी खाडा करावा लागला, की रोज बुडालाच. २०१८ पासून सरकार क्षयरोग्याला आहारासाठी महिना ५०० रुपये देऊ लागले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचे १००० झाले. गोळीची किंमत कधीच पडत नव्हती; पडत होती ती गोळीपर्यंत जाण्याची.