तिला कुणी विचारलंच नाही

आठवड्यातून एकदा आमच्या मुळशीच्या घरात तंबाखू भाजल्याचा वास सुटे. आजी ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरडून डबीत भरायची. सकाळी चुलीपुढं बसून मिश्री लावल्याशिवाय धार नाही की पाणी नाही. शेजारच्या बाया यायच्या, "द्या चिमूटभर, डोकं उठलंय." ह्याला कुणी व्यसन म्हणत नसे. दात घासणं म्हणत.

त्याच आळीत एक बाई दारू प्यायची. तिला मात्र बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा लावत. नवरा मारतो म्हणून ती पिते, की पिते म्हणून नवरा मारतो, हा वाद पारावर चांगला रंगायचा. तिला कुणी विचारलं नाही.

मंडळी, व्यसनमुक्तीच्या इतिहासातही बाई अशीच फार काळ दाराबाहेर थांबलेली दिसते. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द आली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढं आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. सूत्रं होती डॉ. अनिता अवचट यांच्या हाती. नवऱ्याला तिथवर आणणारी बायको स्वतःही पिचलेली असते, हे त्यांनी ओळखलं आणि अशा बायकांसाठी 'सहचरी' गट काढला. फार मोलाचं काम. पण नाव पाहा, सहचरी. व्यसन त्याचं, सोबत तिची. ती स्वतः रुग्ण असेल, ही गोष्ट तेव्हा समाजाच्या मनातच नव्हती.

आपणच मागे होतो असंही नाही. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू झाली. तिच्या १९३९च्या पुस्तकाला 'शंभर पुरुष' असं नाव देण्याचा विचार चालला होता. फ्लॉरेन्स रँकिन नावाच्या सभासद बाईंनी हरकत घेतली, म्हणाल्या, मी कोण मग?

मुक्तांगणनं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला २००९ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. डॉ. अनिताताई १९९७मध्येच गेल्या होत्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्यांच्या काळात हे झालं.

वेगळा विभाग कशाला, असं विचारणारे भेटतात. एक कारण शरीराचं. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळं तेवढीच दारू तिला जास्त बाधते, यकृत लवकर खराब होतं. दुसरं कारण मनाचं. कित्येकींच्या व्यसनामागं मारहाण असते, लहानपणी घरातल्याच कुणी केलेला अत्याचार असतो. पुरुषांच्या घोळक्यात, सगळ्यांसमोर कबुली दे म्हटलं तर ती तोंड मिटून घेते. दार लावून घेतलं तरी दचकते. तिथं आधी भीती जायला हवी, बाटलीचं नंतर. 'का पितेस' ह्या प्रश्नात आरोप असतो. 'काय सोसलंस' असं विचारणारी समोर बाईच असावी लागते, आणि तिला ऐकायला वेळ असावा लागतो.

दारू पिणाऱ्यांचं प्रमाण देशात पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के, असं २०१९च्या सरकारी अहवालात आहे. घरी आलेल्या माणसाला सासूसमोर किती जणींनी खरं सांगितलं असेल, हा माझा आपला प्रश्न. जगात अमली पदार्थ घेणाऱ्या तिघांत एक स्त्री असते, उपचार घेणाऱ्यांत मात्र पाचात एक, असं संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली म्हटलं होतं.

पुरुष महिना-सव्वा महिना दाखल झाला तर घर चालतं, बायको चालवते. बाई दाखल झाली तर भाकरी कोण थापणार, लेकराला कुठं ठेवणार? आणि ताम्हिणीकडच्या वाडीतून निघालेल्या बाईला आधी एसटीनं पौड, मग पुणं, मग येरवडा गाठायचा. गाडीत निम्मी माणसं ओळखीची. पहिल्याच थांब्याला कुणीतरी विचारणार, "काय वैनी, माहेरी का?"