जन्म कॅनडाचा, मरण अमेरिकेचे

फराळाच्या ताटाशेजारी गोमांसाचा विषय काढलेला पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. त्यांनी जरा दम धरावा. मला मांसाबद्दल बोलायचे नाही. त्याच्या वेष्टनावर चिकटविलेल्या चिमुकल्या चिठ्ठीबद्दल बोलायचे आहे. त्या चिठ्ठीपायी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको ही तीन शेजारी राष्ट्रे सात वर्षे भांडत होती.

माँटानासारख्या राज्यांतल्या अमेरिकन पशुपालकांचे म्हणणे साधे होते. आमच्या कुरणात जन्मलेल्या गुराचे मांस कोणते आणि परक्या गुराचे कोणते, हे गिऱ्हाइकाला कळू द्या. २००२ साली तसा कायदा झालाही. पण मांस-कारखानदारांनी विरोध केला आणि अंमलबजावणी लांबत गेली. अशात डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका दुभत्या गाईला मेंदूचा तो भयंकर ‘वेड्या गाईचा रोग’ निघाला. जपानसारख्या देशांनी अमेरिकेचे गोमांस घेणे थांबविले. मग त्या गाईच्या माहेराचा शोध सुरू झाला. कानातल्या बिल्ल्यावरून आणि डी.एन.ए. तपासणीवरून ठरले, की ती जन्मली होती कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात!

अखेर मार्च २००९ मध्ये गोमांसावर मूळ देशाची चिठ्ठी सक्तीची करणारा अंतिम नियम लागू झाला. कॅनडा आणि मेक्सिको त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागायला गेले होते. त्यांची लाखो गुरे अमेरिकेत विकली जात. आता कारखानदाराला ती वेगळी ठेवावी लागणार, त्यांचे कागद वेगळे सांभाळावे लागणार. त्यापेक्षा ती घेऊच नयेत, किंवा भाव पाडून घ्यावीत, हे सोपे! आल्बर्टातल्या शेतकऱ्याचा दोष एवढाच, की त्याचे कुरण सीमारेषेच्या अलीकडे नव्हते.

२०१३ मध्ये अमेरिकेने नियम आणखी कडक केला. ‘जन्म कॅनडा, संगोपन व कत्तल अमेरिका’ असे सारे जीवनचरित्र त्या चिठ्ठीवर आले. आम्हा मास्तरांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही जन्मस्थळाचा रकाना असतो. पण इतका तपशील आम्हीदेखील मागत नाही. व्यापार संघटनेचा निकाल मला मार्मिक वाटतो. गिऱ्हाइकाला माहिती देणे गैर नाही, असे तिने मानले. पण व्यापाऱ्याला जेवढ्या नोंदी ठेवाव्या लागतात, त्या मानाने गिऱ्हाइकाच्या हाती फार थोडे पडते, हे तिने दाखवून दिले. हॉटेलातल्या ताटाला तर हा नियम लागूच नव्हता.

७ डिसेंबर २०१५ रोजी कॅनडाला वर्षाकाठी सुमारे १०५ कोटी कॅनेडियन डॉलरांची आणि मेक्सिकोला सुमारे २३ कोटी अमेरिकन डॉलरांची भरपाई जकातीच्या रूपाने वसूल करण्याची मुभा मिळाली. अकरा दिवसांत अमेरिकेने गोमांस आणि डुकराचे मांस ह्यांवरील सक्ती उठविली. कोंबडी आणि बोकड मात्र कायद्यातच राहिले!

पुढची तऱ्हा मला अधिक खटकते. परदेशातून आलेले मांस अमेरिकेत नुसते कापून पुन्हा बांधले, तरी त्यावर ‘अमेरिकेचे उत्पादन’ असे छापता येई. ही पळवाट बुजविणारा नियम मार्च २०२४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२६ ही त्याच्या पालनाची तारीख ठरली. जन्म, संगोपन, कत्तल आणि पुढची प्रक्रिया हे सारे अमेरिकेत झाले असेल, तरच ती अक्षरे छापायची. ज्याला काहीच छापायचे नाही, त्याने चिठ्ठी कोरी ठेवली तरी चालते.