देवी काढणे

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची अकोल्याहून अमरावतीला आली, तेव्हा तिच्या सहा वर्षांच्या पोराच्या काखेत आणि बरगडीवर बारीक पुटकुळ्या होत्या. अकोल्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या वर. घामोळ्या असतील म्हणून महिनाभर पावडर लावून झाली होती. माझी आई चष्मा लावून जवळ गेली. पुटकुळी मोत्यासारखी, चकचकीत, आणि टोकाला मधोमध सुईनं दाबल्यासारखी खळी. "हे घामोळं नोय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माता बी नोय. माता आली की पोरगं तापानं फणफणते. हे तं खेळून राह्यलं."

आईनं देवीच्या रोगासाठी 'माता' हा शब्द काढला याचं मला तेव्हा हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं, मोलस्कम कॉन्टॅजिओसम, आणि वर म्हणाले की हा विषाणू देवीच्याच कुळातला आहे. देवीच्या फोडालाही मधोमध अशीच खळी असे. आईनं ओळखलं होतं ते कूळ.

मराठीत या दुखण्याला रूढ नाव नाही. घरोघरी त्याला चामखीळच म्हणतात आणि चामखिळीचेच उपाय करतात. वास्तविक 1817 साली टॉमस बेटमन या इंग्रज डॉक्टरानं त्याला हे लॅटिन नाव दिलं. मोलस्कम म्हणजे मऊ. 1841 साली हेंडरसन आणि पॅटरसन यांनी या फोडांतले चमत्कारिक गोल पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचं वर्णन केलं. 1905 साली युलियसबर्गनं दाखवलं की जिवाणू अडतील अशा गाळणीतूनही याचं बीज पार होतं. फक्त माणसाच्याच अंगावर जगणारे या कुळातले विषाणू दोनच, देवीचा आणि हा. देवी गेली. हा उरला.

पण मला सांगायची आहे ती एका शब्दाची कुळकथा. आमच्या आईच्या पिढीत लस टोचली असं कोणी म्हणत नसे. "देवी काढल्या का पोराच्या?" असंच विचारत. टोचून आत घालायचं, मग 'काढणे' कसं? मला वाटतं, रोग आपण होऊन अंगावर येण्याआधी आपणच तो ठरवून, दंडावर एवढ्याशा जागेत, उमटवून घ्यायचा, म्हणून काढणे. नक्षी काढतात, रांगोळी काढतात, तशा देवी काढायच्या. रोगाला भ्यायलेल्या माणसांनी त्याच्याशी केलेला हा करार शब्दात तसाच राहिला आहे.

आपल्या देशात पहिली देवी निघाली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर. इंग्रज डॉक्टर जेन्नरनं 1796 साली गाईच्या देवीचा पू एका मुलाला टोचला होता. तशीच लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली. तेव्हा बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. एका मुलाच्या हातावर फोड आला की आठव्या दिवशी त्यातला द्रव दुसऱ्याच्या हातावर, त्याचा तिसऱ्याच्या. ॲनाच्या हातावरच्या फोडातून पुढं देशभर साखळी गेली. एवढीशी पोर, आणि तिच्या दंडावरून एवढ्या मोठ्या मुलखाची राखण सुरू झाली.

'लस' हा शब्दही याच फोडाकडे बोट दाखवतो. खरचटलेल्या जागेतून पाझरतं ते पातळ, पिवळसर पाणी म्हणजे लस, आयुर्वेदातली लसीका. इंग्रजी शब्दात गाय आहे, कारण लॅटिनमध्ये व्हॅका म्हणजे गाय. आपण गाय सोडली आणि फोडातलं पाणी धरलं. आज करोनाची लस म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर फोड येत नाही, पण शब्द तिथलाच.

पुढं हातोहात न्यायची पद्धत मागे पडली, वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले. आमचा वऱ्हाड प्रांत 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, 1903 पासून मध्यप्रांताला जोडला गेला. राज्यकर्ते बदलले, पण माय-बाया मात्र शितळादेवीलाच शरण जात राहिल्या. श्रावणातल्या शितळा सप्तमीच्या कहाणीत तर देवीच्या रोगाचा पत्ताच नाही, तिथे तळ्याला पाणी लागत नाही त्याची गोष्ट आहे. घरात मात्र माता आली की दाराला लिंबाचा डगाळा, फोडणी बंद, पाहुणा दारातून परत. त्यातलं परक्याला आत न घेणं खरोखर उपयोगाचं होतं, असं माझं मत आहे.

आईच्या हातावर दोन वण आहेत, चवलीएवढे. देवी काढणारा हातावर चकती दाबून फिरवी, जीव जाई, असं ती सांगते. पुढं दुतोंडी सुई आली. दोन टोकांच्या खाचेत लशीचा थेंब अडकतो, पंधरा वेळा टोचायचं, आणि पूर्वीच्या चौथाई लशीत काम भागतं. 1975 च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी आसामात सापडला. देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लावूनही पुढं कोणी सापडला नाही. 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि काढणं थांबलं. म्हणून भाचीच्या हातावर हा वण नाही. अर्थात वण असता तरी मोलस्कमपासून राखण नव्हतीच. कूळ एक असलं तरी लस लागू पडत नाही.

मोलस्कमवर डॉक्टरांनी पहिला उपाय सांगितला तो थांबण्याचा. बहुतेक मुलांत सहा महिने ते दीड वर्षात आपोआप जातं. तोवर टॉवेल वेगळा, खाजवायचं नाही, कारण नख एका फोडातलं बीज दुसरीकडे पेरतं. शाळा बंद करायची गरज नाही. परदेशात भुंग्यापासून मिळणारं कँथरिडिन लावतात. अमेरिकेनं त्याच्या औषधाला 2023 साली मान्यता दिली. आपल्या तुरीच्या फुलांवर बसणारा काळा, नारिंगी पट्ट्यांचा भुंगा त्याच जातकुळीचा. तो अंगावर चिरडला की फोड येतो तो या द्रव्यामुळेच. पण तो उचलून पोराच्या अंगाला लावायचा नाही. तसाच आमचा मेळघाटातला बिब्बा. सुई बिब्ब्यात खुपसून दिव्यावर धरायची आणि चटका द्यायचा, हे मी लहानपणी पाहिलं आहे. बिब्बा उतला की कोवळ्या कातडीची दशा होते. कृपा करून बिब्बा नको, चुना नको, रुईचा चीक नको.

पोराच्या पुटकुळ्या मात्र खाजवून वाढत चालल्या होत्या, म्हणून भाचीनं काढायचं ठरवलं. बधिरतेचं मलम लावून वर प्लास्टिक, तासभर थांबणं. मग डॉक्टरांनी सुईच्या टोकानं खळी उचकली, बारीक चिमट्यानं दाबलं. आतून पांढरी कणी बाहेर आली, तांदळाच्या कणीहूनही बारीक. मागे रक्ताचा एक थेंब. अशा अकरा. पोरगं पहिल्या दोन वेळा रडलं, मग स्वतःच मोजायला लागलं.

आई शेजारी बसून वाकून पाहत होती. बाहेर आल्यावर तिनं पदर सारून आपले दोन वण त्याला दाखवले. "आमच्या काढल्या तवा कायबी निघालं नाई रे," ती म्हणाली, "तुया तं खऱ्याखुऱ्या काढल्या."