एनएएसीपी इमेज पुरस्कार

चित्रपट, दूरचित्रवाणी, संगीत व साहित्य या क्षेत्रांतील कृष्णवर्णीयांच्या कामगिरीचा गौरव करणारे अमेरिकेतील वार्षिक पुरस्कार. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ म्हणजेच एनएएसीपी ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना ते देते. प्रारंभ १९६७, लॉस एंजेलिस परिसर. गौरेतर वंशांच्या इतर कलावंतांनाही हे पुरस्कार खुले आहेत. चित्रपटाचे बहुतेक मोठे पुरस्कार त्या व्यवसायातील मंडळींनी आपसांत सुरू केले. इमेज पुरस्कार मात्र पडद्यावरील अन्यायाविरुद्ध अर्धशतकाहून अधिक काळ झगडलेल्या संघटनेने सुरू केले. त्यांचे वेगळेपण या जन्मकथेत आहे.

पार्श्वभूमी : एनएएसीपीची स्थापना १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. संस्थापकांत समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस व पत्रकार आयडा बी. वेल्स हे होते. संघटनेचे ‘द क्रायसिस’ हे मासिक डु बॉइस यांनी १९१० पासून संपादित केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याच्या संदर्भात ज्यांना पत्र लिहिले, ते हेच डु बॉइस.

चित्रपटाशी संघटनेचा पहिला मोठा संघर्ष १९१५ मध्ये झाला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटात कू क्लक्स क्लॅन ही वंशद्वेष्टी संघटना तारणहार म्हणून रंगवली होती. त्यातील अनेक कृष्णवर्णीय पात्रे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून वठवली. एनएएसीपीने निदर्शने केली, पत्रके वाटली, प्रदर्शन रोखावे म्हणून अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. काही गावांत बंदी आली, काही ठिकाणी दृश्ये कापली गेली; तरीही चित्रपटाने प्रचंड गर्दी खेचली. संपुष्टात आलेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात पुन्हा उभी राहिली. पडद्यावरच्या चित्राचे परिणाम रस्त्यावर भोगावे लागतात, हा धडा संघटनेला तेव्हाच मिळाला.

पुढील काही दशके हॉलिवुडने कृष्णवर्णीय नटनट्यांना मोलकरीण, हमाल, खानसामा किंवा विदूषक एवढ्याच भूमिका दिल्या. १९४० मध्ये हॅटी मॅक्डॅनियल यांना ‘गॉन विथ द विंड’मधील दाईच्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत. पण समारंभाच्या हॉटेलात त्यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले. १९४२ मध्ये एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी स्टुडिओप्रमुखांची भेट घेऊन कृष्णवर्णीयांना साध्या, सन्मान्य भूमिका देण्याची मागणी केली. आश्वासने मिळाली, बदल मात्र थोडाच झाला. उलट, मोलकरणीच्या भूमिकांवरच ज्यांचे पोट चालत होते, त्या मॅक्डॅनियल यांच्यासारख्या कलावंतांना ही मोहीम आपल्या पोटावर पाय आणणारी वाटली. प्रतिमा की भाकरी, हा पेच तेव्हापासून या चळवळीबरोबर चालत आला आहे.

दूरचित्रवाणीवरही हाच झगडा झाला. ‘एमॉस अँड अँडी’ हा दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करून गाजवलेला नभोवाणी कार्यक्रम सीबीएस वाहिनीने १९५१ मध्ये कृष्णवर्णीय नटसंच घेऊन पडद्यावर आणला. एनएएसीपीने त्याविरुद्ध मोहीम उघडली. १९५३ मध्ये नवे भाग थांबले, परंतु पुनःप्रक्षेपण १९६६ पर्यंत चालूच राहिले.

स्थापना : १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीने जोर धरला, तेव्हा एनएएसीपीच्या बेव्हर्ली हिल्स–हॉलिवुड शाखेला निषेधाइतकीच गौरवाचीही गरज जाणवू लागली. अभिनेत्री व कार्यकर्त्या मॅगी हॅथवे आणि गायक-अभिनेते सॅमी डेव्हिस (ज्युनिअर) यांनी या शाखेच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. पुरस्कारांच्या कल्पनेचे श्रेय टोनी वाझ यांना दिले जाते. त्या हॉलिवुडमधील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय स्टंट कलाकारांपैकी एक. त्या काळी कृष्णवर्णीय नटाच्या जागी उडी मारायची वा घोड्यावरून पडायचे असल्यास गोऱ्या स्टंट कलाकाराला काळा रंग लावून उभे करण्याची रीत होती. अशा जगात जोखमीचे काम करणाऱ्या स्त्रीला आपल्या माणसांच्या श्रमांची नोंद व्हावी असे वाटले, हे समजण्यासारखे आहे. पहिला समारंभ १९६७ मध्ये बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात झाला. तोपर्यंत अभिनयाची स्पर्धात्मक ऑस्कर पारितोषिके केवळ दोन कृष्णवर्णीयांना मिळाली होती : मॅक्डॅनियल यांना १९४० मध्ये आणि सिडनी पॉटिए यांना ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी १९६४ मध्ये.

स्वरूप : समारंभ सहसा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत लॉस एंजेलिस किंवा जवळच्या पॅसाडीना येथे होतो. चित्रपट व मालिकांसाठी अभिनय, दिग्दर्शन व लेखन यांच्या स्वतंत्र श्रेणी आहेत. त्यांशिवाय माहितीपट, संगीत, कथासाहित्य, चरित्र, कविता व बालसाहित्य यांनाही पुरस्कार दिले जातात. विजेत्यांची निवड संघटनेच्या सदस्यांच्या मतदानाने होते. अलीकडे काही श्रेणींत सर्वसामान्य प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येते. मतदार केवळ व्यावसायिक नसल्यामुळे एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या कामांकडे लक्ष जाते. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ या दुपारच्या मालिकेसाठी व्हिक्टोरिया रॉवेल व क्रिस्टॉफ सेंट जॉन यांना मिळालेले अनेक पुरस्कार हे त्याचे उदाहरण. घरोघरी रोज पाहिल्या जाणाऱ्या अशा कलावंतांना मानाचे व्यासपीठ देणे ही या पुरस्कारांची मोठी कामगिरी आहे.

स्पर्धात्मक पुरस्कारांबरोबर अध्यक्षीय पुरस्कार व कार्याध्यक्ष पुरस्कार हे सार्वजनिक सेवेसाठीचे विशेष सन्मान दिले जातात. २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीतील नेते व संसद सदस्य जॉन लुईस यांचा आणि गायिका रिहाना यांचा असा गौरव झाला. ‘वर्षातील मनोरंजनकार’ हा समारंभातील सर्वांत चर्चेचा पुरस्कार आहे. दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने (२०१८), गायिका बियॉन्से (२०१९) व अभिनेत्री अँजेला बॅसेट (२०२३) या त्याच्या मानकरी होत. समारंभाचे थेट प्रक्षेपण प्रथम २००७ मध्ये फॉक्स वाहिनीवरून झाले. २०२० पासून कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीच्या बीईटी वाहिनीने प्रक्षेपणाची जबाबदारी घेतली.

न दिलेले पुरस्कार : या पुरस्कारांच्या इतिहासातील सर्वांत बोलकी नोंद न दिलेल्या पुरस्कारांची आहे. १९८७ मध्ये चित्रपटातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार रद्द करण्यात आला. कृष्णवर्णीय स्त्रियांना अर्थपूर्ण भूमिकाच मिळालेल्या नाहीत, मग निवड कोणातून करायची, असा संघटनेचा सवाल होता. १९९० मध्ये पुन्हा तेच घडले. पुरेशी नामांकने न मिळण्याची ती चौथी वेळ होती. कलावंतांवर अन्याय होतो अशी टीका संघटनेवर झाली. ती टीका खोटी नव्हती, कारण मोजक्या चांगल्या भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींच्या वाट्याचा गौरव त्यामुळे हुकला. तरीही संख्या भरून काढण्यासाठी कोणालाही पारितोषिक देण्यापेक्षा ही जागा मोकळी ठेवणे अधिक प्रामाणिक होते. दोष अभिनेत्रींचा नसून भूमिका लिहिणाऱ्यांचा व चित्रपटांना पैसा पुरवणाऱ्यांचा होता, हे त्या निर्णयाने जाहीरपणे नोंदवले.

वाद : कोणती प्रतिमा गौरवास पात्र, यावर समाजात एकमत कधीच नव्हते. ‘द कलर पर्पल’ (१९८५) या चित्रपटातील कृष्णवर्णीय पुरुषांच्या चित्रणाला हॉलिवुड शाखेने विरोध केला होता. ११ नामांकने असूनही त्याला एकही ऑस्कर मिळाले नाही, तेव्हा त्याच शाखेने ऑस्कर अकादमीवर टीका केली. १९९४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपाला सामोरे जात असलेल्या रॅप गायक व अभिनेते टुपाक शकुर यांच्या नामांकनावरून वादंग उठले. ‘बार्बरशॉप’ (२००२) या विनोदी चित्रपटातील एका पात्राने मोंटगोमेरी बस-बहिष्काराच्या प्रेरणास्थान रोझा पार्क्स यांची हेटाळणी केली होती. त्या भूमिकेचे नट सेड्रिक द एंटरटेनर २००३ च्या समारंभाचे सूत्रसंचालक होते, म्हणून पार्क्स यांनी समारंभावर बहिष्कार टाकला. विनोदाचे स्वातंत्र्य आणि पूर्वसूरींचा मान यांतील हा ताण खरा आहे. तो उघडपणे मांडला गेला हे या व्यासपीठाच्या जिवंतपणाचे लक्षण होय.

प्रभाव व समकालीन उपक्रम : संघटनेने गौरवाच्या जोडीला दबावाचे अस्त्र कायम ठेवले. १९९९ मध्ये चार प्रमुख वाहिन्यांच्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही अल्पसंख्याक कलावंत मुख्य भूमिकेत नसल्याचे संघटनेचे प्रमुख क्वेसी म्फुमे यांनी जाहीर करून बहिष्काराचा इशारा दिला. त्यानंतर २००० मध्ये वाहिन्यांनी नोकरभरती व लेखकवर्ग यांत विविधता आणण्याचे करार केले. ऑस्करच्या अभिनय विभागातील सर्व २० नामांकने २०१५ व २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे गोऱ्या कलावंतांना मिळाली, तेव्हा समाजमाध्यमांवर सुरू झालेल्या निषेधाने हाच प्रश्न नव्या पिढीपुढे आणला.

अशाच गौरवाच्या हेतूने इतर संस्थाही उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९७४ मध्ये कृष्णवर्णीय चित्रकर्मींच्या गौरवाचा ‘ब्लॅक फिल्ममेकर्स हॉल ऑफ फेम’ हा उपक्रम सुरू झाला. ब्लॅक रील पुरस्कार २००० पासून दिले जातात. आफ्रिकन-अमेरिकन चित्रपट समीक्षकांची संघटना २००३ मध्ये स्थापन झाली.

मूल्यमापन : वेगळे पुरस्कार म्हणजे वेगळेपणाची भिंत, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. ‘मॉन्स्टर्स बॉल’साठी हॅली बेरी यांना २००२ मध्ये मुख्य अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, २०२५ पर्यंत दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री तेथवर पोहोचली नव्हती. भिंत आधीपासूनच होती, इमेज पुरस्कारांनी ती बांधली नाही. त्यांनी एका समाजाला आपल्या कलेचे मोल स्वतःच्या निकषांवर ठरवण्याचा अधिकार दिला आणि मुख्य प्रवाहाने डोळेझाक केलेल्या कामाची सुमारे सहा दशकांची नोंद ठेवली. अमेरिकन पडद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ऑस्करच्या यादीइतकीच ही नोंदही आवश्यक आहे.