दोन कंपन्या, एकच खड्डा

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी मित्राचा फोन. त्याचा बोईसरला, तारापूर एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. "अरे, मुद्दाम दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, आणि दोन्ही एकदम बंद! असं होतं कसं?"

त्याचं उत्तर देण्याआधी थोडा इतिहास.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. देशातली पहिली अणुवीज इथली. पण त्या काळात टेलिफोन मिळवायचा म्हणजे अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची! 'ओन युवर टेलिफोन' योजनेत जास्त पैसे भरले की रांग थोडी लहान व्हायची, एवढंच. मुंबईच्या हेड ऑफिसशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा. साधा, अर्जंट की लाइटनिंग? घाई जेवढी, तेवढे पैसे. ग्राहकाच्या हातात निवड होती ती एवढीच.

१९८६ साली मुंबईचे फोन एमटीएनएलकडे गेले. पालघर-बोईसर त्या हद्दीबाहेर, म्हणून दूरसंचार खात्याकडेच राहिलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, पण सुरुवातीला मुंबईसारख्या मोजक्या महानगरांतून. म्हणजे बोईसरहून एक ईमेल पाठवायची तर आधी मुंबईला एसटीडी लावा. मोडेमची किरकिर चालू आणि इकडे मीटरही चालू!

पुढे १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारं उघडली, १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल जन्माला आली आणि २००५ च्या जानेवारीत तिचं ब्रॉडबँड. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे 'ब्रॉडबँड' होतं, आज हसू येतं. आता फायबर, लीज्ड लाइन, फोरजी, फाइव्हजी, काय हवं ते घ्या.

मग मित्राचं घोडं कुठे अडलं? चौकशी केली तेव्हा कळलं, दोन्ही कंपन्यांच्या केबल्स रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत होत्या. जेसीबीने खणलं आणि दोन्ही एका फटक्यात तुटल्या. बिलं दोन, रस्ता एकच!

आणि गेटवर भरलेला ट्रक उभा. २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल बाहेर काढायचा तर सहसा ई-वे बिल लागतं. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलला रेंज नाही. शेवटी सुपरवायझर लॅपटॉप घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर बसला आणि मोबाईलच्या नेटवर बिल काढलं. ट्रक गेला, पण अडीच तास उशिरा.

म्हणून मी त्याला सांगितलं, ऑर्डर देताना स्पीड आणि भाडं मागाहून विचार. आधी विचार, तार कुठल्या रस्त्याने येते? कोणाच्या फायबरवरून येते? तुटली तर किती तासांत जोडणार, ते करारात लिहून देणार का? साध्या ब्रॉडबँडपेक्षा लीज्ड लाइन महाग असते, कारण तिथला वेग फक्त तुझ्यासाठी राखलेला असतो आणि सहसा दुरुस्तीची हमीही मिळते. ती परवडत नसेल तर एक जोडणी तारेची ठेव आणि दुसरी बिनतारी, अँटेना शेडच्या बाहेर.

पूर्वी निवड नव्हती, हे निदान सगळ्यांना दिसत तरी होतं. आता ती कागदावर असते. जमिनीखाली काय आहे, ते आपणच विचारायला हवं.

असो. मित्राने सोमवारी दोन्ही कंपन्यांना पत्र पाठवलं. पहिलाच प्रश्न : केबल कुठून येते?