ट्यूना कॅसरोल आणि उजाड झालेले बेट

१/ १९०३ साली कॅलिफोर्नियाच्या सॅन पेड्रो बंदरात सार्डिन मासळी आटली. कारखानदार आल्बर्ट हाफहिल यांनी डब्यांत ट्यूना भरून पाहिला.

२/ १९३४ मध्ये कॅम्पबेलचे मशरूम सूप डबाबंद मिळू लागले. मंदीने गांजलेल्या घरांत उकडलेल्या नूडल्स, ट्यूना आणि हे सूप कालवून, वर चीज पसरून ओव्हनमध्ये भाजले की थोडक्यात सर्वांचे पोट भरे.

३/ हा ट्यूना पकडण्यात टर्मिनल बेटावरील जपानी वंशाचे कोळी अग्रेसर होते. त्यांच्या स्त्रिया कारखान्यांत राबत. फेब्रुवारी १९४२ मध्ये नौदलाने त्यांना ४८ तासांत घरे सोडावयास लावली. पुढे ती वस्तीही पाडण्यात आली.

४/ पदार्थ मात्र युद्धोत्तर अमेरिकेत घरोघरी रुजला.